वीज, पाणी आणि भात: घरातली नासाडी कमी करायची, तर सुरुवात कुठून करायची?

पर्यावरण जपायचं म्हटलं की आधी कापडी पिशवी आठवते. ती हवीच, पण घरातल्या इतर काही सवयींचा परिणाम त्याहून बराच मोठा असतो. गोंदिया जिल्ह्यात हे चटकन लक्षात येतं, कारण इथे पाण्याचे तलाव, धानाच्या बांध्या आणि कोळशावर चालणारं वीज केंद्र हे सगळं एकाच जिल्ह्यात आहे. मग घरात नेमकं काय बदलायचं?

१. आधी पंख्याकडे बघा

तिरोड्यात अदानी समूहाचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. अशा केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे घरात वाचलेलं प्रत्येक युनिट हा न जाळलेला कोळसा असतो.

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला जवळपास ४८ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढच्या युनिटचा दर वाढतो, त्यामुळे बिलातली बचत आणखी जाणवते. एकदम तिन्ही पंखे घेणं परवडत नसेल, तर सर्वात जास्त तास चालणारा पंखा आधी बदला.

२. कूलर की एसी?

विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो. घरगुती कूलरला १५० ते २०० वॉट पुरतात. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेनं चालताना सुमारे १,५०० वॉट घेतो. एसी असेलच तर तो २४ अंशांवर ठेवा. तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही.

३. पाणी: तलावांच्या जिल्ह्यातही काटकसर का?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागात हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं त्यातले बरेच बांधले. पावसाचं पाणी अडवायचं आणि ते वर्षभर पुरवून वापरायचं, हा त्यामागचा साधा विचार होता. तोच घरातही लागू पडतो.

- सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर पाणी वाया घालवतो. त्याचा वायसर काही रुपयांत बदलून होतो.
- पाच मिनिटांच्या शॉवरला ४० ते ५० लिटर पाणी लागतं. बादलीनं आंघोळ २० लिटरमध्ये होते.
- आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.
- जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या छतावरून सुमारे ९० हजार लिटर पाणी मिळू शकतं. ते गाळणीतून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येतं.

४. ताटातला भात

जागतिक सरासरी बघितली, तर एक किलो तांदळामागे साधारण २,५०० लिटर पाणी लागतं. त्यामुळे दोन वाट्या भात टाकून देणं म्हणजे शेकडो लिटर पाणी ओतून देणं.

उपाय सोपे आहेत. तांदूळ अंदाजानं न घेता वाटीनं मोजून घ्या. शिजवण्याआधी अर्धा तास भिजवा आणि झाकण ठेवून शिजवा, म्हणजे गॅस कमी लागतो. तांदळाचं धुवण झाडांना घाला. उरलेला भात उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका. तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोडणी द्या.

५. ओला कचरा घराबाहेर का पाठवायचा?

कचऱ्याच्या ढिगात हवा न मिळता अन्न कुजलं की मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता अडवतो. घरी खत करताना छिद्रं पाडलेली बादली पुरते. एक भाग भाजीच्या देठ-सालींवर दोन भाग सुकी पानं किंवा तणस टाका, आठवड्यातून एकदा हलवा आणि ओलसर ठेवा. साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. वास येत असेल, तर सुकं साहित्य वाढवा.

६. कार्यक्रमात पळसाची पत्रावळ

१ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे आणि स्ट्रॉ यांवर बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण हा विदर्भातला जुना आणि सहज कुजणारा पर्याय. घरी पाहुणे मोजके असतील, तर स्टीलची ताटं त्याहून चांगली.

छतावर सौर पॅनेल लावावं का?

छत स्वतःचं असेल आणि त्यावर सावली पडत नसेल, तर विचार जरूर करा. एक किलोवॉटचं पॅनेल रोज सरासरी ४ युनिट वीज देतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. मात्र आधी घरातला वापर कमी करा, म्हणजे लहान आणि स्वस्त पॅनेलही पुरेल.

आजपासून काय करता येईल?

फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी करा: भात मोजून शिजवा, एसीचं तापमान वाढवा, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. त्यानंतर गळणारा नळ, मग पंखा आणि शेवटी सौर पॅनेल. आजच मीटरचं रीडिंग लिहून ठेवा आणि महिनाभरानं पुन्हा बघा. सवयी बदलून किती फरक पडला, ते आकड्यांतच दिसेल.