अदृष्टार्थ विधी

ज्या धर्माज्ञेचे प्रयोजन दिसत नाही, तिला मीमांसक अदृष्टार्थ म्हणतात. ती पाळणे विवेकाला धरून आहे का, हा मीमांसा आणि न्याय या दर्शनांतला जुना प्रश्न. देवगिरी-पैठण परिसरात तेराव्या शतकात तो आचाराच्या रूपाने समोर आला.

यज्ञासाठी साळ कांडली की कोंडा निघतो. हे प्रयोजन दिसते. पण कोंडा नखांनीही सोलता येतो, मग मुसळच का? उत्तर मिळत नाही तेवढ्यापुरतेच अदृष्ट मानायचे. दिसणारे कारण हाताशी असताना न दिसणारे कल्पायचे नाही, हा मीमांसेचा दंडक. मीमांसासूत्रांचा भाष्यकार शबर याने तर पुढची पायरी गाठली: होमातले वस्त्र अध्वर्यूने घ्यावे, या स्मृतिवचनामागे ऋत्विजाचा लोभ दिसतो, म्हणून ते प्रमाण नाही. म्हणजे काही वेळा कारण दिसणे हेच आज्ञेच्या विरुद्ध जाते! पुढचा मीमांसक कुमारिलभट्ट याला हे रुचले नाही. शिवाय वेदाला ही कसोटी लागतच नाही. तो अपौरुषेय, तेव्हा लोभ कोणाचा धरणार?

नैयायिक सांगणाऱ्याकडे पाहतात. आयुर्वेदाचा गुण अनुभवाला येतो, म्हणून आप्ताच्या, म्हणजे विश्वसनीय वक्त्याच्या, इतर वचनांवरही विश्वास ठेवावा, असा गौतमाच्या न्यायसूत्रांचा युक्तिवाद. तो पुरता पटण्याजोगा नाही: औषधाचा गुण याच जन्मी कळतो, स्वर्गाचा नाही.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या अनुयायांची वाट या दुसऱ्या पक्षाच्या जवळची. भिक्षा मागावी, एका ठायी राहू नये, असे त्यांचे नियम. पण म्हाइंभटाच्या लीळाचरित्र या चरित्रग्रंथात स्वामी कोठे, कोणाला, कोणत्या प्रसंगी काय बोलले ते येते, आणि केशिराजबासांनी स्वामींच्या सूत्रांबरोबर त्यांचे दृष्टान्तही जमवले. प्रत्येक नियमाचे कारण हाती नसले, तरी सांगणारा कसा वागत होता हे शिष्यांना ठाऊक होते. केवळ परंपरा म्हणून पाळण्यापेक्षा हा आधार भक्कम आहे.

त्याच काळात यादवांचा प्रधान हेमाद्री देवगिरीला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या आजच्या दौलताबादला, चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्रग्रंथ सिद्ध करत होता. महानुभाव परंपरा त्याला स्वामींचा विरोधक मानते. या ग्रंथाच्या व्रतखंडात व्रतांमागून व्रते आणि त्यांची फळे येतात. याच हेमाद्रीने अष्टांगहृदय या वैद्यकग्रंथावर आयुर्वेदरसायन ही टीकाही लिहिली. दृष्ट आणि अदृष्ट दोन्ही शास्त्रे एकाच लेखणीखाली होती. त्याच्या व्रतखंडापेक्षा दानखंड अधिक अडचणीचा. तिथे घेणारा बहुधा ब्राह्मणच असतो, आणि शबराची लोभाची कसोटी नेमकी अशाच वचनांसाठी आहे.