सपाट स्लॅबखालील जिप्सम छत बदलताना

प्रतिनिधी

भोर आणि वेल्हे (राजगड) हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीतले, भरपूर पावसाचे तालुके. नीरेकाठचे भोर असो वा तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे, येथील जुनी घरे उतरत्या छपराची आणि कौलारू. पाणी डोक्यावर थांबूच द्यायचे नाही, हे त्यांचे साधे शास्त्र होते. आता गावठाणात आणि भाटघर, पानशेत, वरसगाव धरणांच्या परिसरातील बंगल्यांतही सपाट आरसीसी स्लॅब आले असून, त्याखाली जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग बसवले जाते. पावसाळ्यात त्यावर पिवळे डाग पडतात, बोर्ड फुगतो, मग तो बदलला जातो आणि पुढच्या आषाढात डाग परत उमटतो. डाग बोर्डावर दिसला तरी दोष बहुधा गच्चीत असतो. म्हणून छत बदलण्याचे काम गच्चीपासून सुरू करावे.

बोर्ड का खराब होतो?

जिप्समच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो. आगीत हे पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि काही काळ उष्णता रोखून धरते. बाहेरून मुरलेले पाणी मात्र बोर्डाचा कागद आणि गाभा दोन्ही मऊ करते. हिरव्या कागदाचा ओलावारोधक बोर्ड दमट हवेला तोंड देतो. सततच्या गळतीपुढे तोही टिकत नाही.

आधी गच्ची

स्लॅबच्या भेगेतून आलेले पाणी स्लॅबच्या तळाने किंवा लोखंडी सांगाड्यावरून वाहत दूरवर टपकते. त्यामुळे डागाच्या नेमके वर भेग असेलच असे नाही. कोब्याचा उतार, कठड्यालगतचा गोलावा आणि पावसाळी पाइपाची तोंडे तपासावीत. पाऊस नसतानाही ओल राहिली, तर गच्चीवरील टाकी व नळ पाहावेत. वॉटरप्रूफिंग कोरड्या दिवसांत उरकावे. नंतर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीत सुमारे २५ मि.मी. पाणी ४८ तास साठवून खालून निरीक्षण करावे. स्लॅब आधीच वाकलेला वा तडकलेला असल्यास अभियंत्याला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये.

जुने छत उतरवताना

प्रथम मेन स्विच बंद करावा. ओल्या छतातील दिवे आणि वायरिंग धोकादायक असते. फुगलेल्या बोर्डाखाली उभे राहू नये. बाजूला उभे राहून लहान छिद्र पाडावे व साचलेले पाणी बादलीत उतरवावे. कारागिरांनी मास्क आणि चष्मा वापरावा. जुन्या घरातील छताचा पत्रा ॲसबेस्टॉसचा असण्याची शंका आल्यास तो कापू किंवा फोडू नये. जाणकारांकडून काढून घ्यावा.

छत उतरल्यावर उघडा पडलेला स्लॅब नीट तपासावा, कारण अशी संधी वारंवार येत नाही. हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाज येतो का, ते पाहावे. सळई गंजली की गंजाचे आकारमान वाढते आणि खालचे काँक्रीट सुटते. असे तुकडे फॉल्स सीलिंगच्या आड दिसत नाहीत आणि एखाद्या दिवशी बोर्डासह खाली येतात. सळया उघड्या दिसल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने दुरुस्ती झाल्याखेरीज नवे छत बसवू नये.

नवे छत

नेहमीच्या पद्धतीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या मुख्य पट्ट्या सुमारे १,२२० मि.मी. अंतरावर, तर बोर्ड धरणाऱ्या पट्ट्या ४५७ मि.मी. अंतरावर असतात. त्याखाली १२.५ मि.मी. जाडीचे बोर्ड स्क्रूने बसवतात आणि सांध्यांवर कागदी टेप व जॉइंटिंग कंपाउंड लावतात. सांगाडा टांगणारे फास्टनर गिलाव्यात न ठोकता भक्कम काँक्रीटमध्ये बसवावेत. पंखा आणि जड झुंबर थेट स्लॅबलाच टांगावे. तपासणीसाठी एखादे झाकण ठेवल्यास पुढची गळती लवकर कळते. शक्य असल्यास एक पावसाळा स्लॅब उघडा ठेवून मगच बोर्ड बसवावेत.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती, तसेच तिच्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदस्याने स्वतः बसवलेल्या फॉल्स सीलिंगचा खर्च कोणी उचलायचा, हे मात्र काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. संस्थेकडे अर्ज करताना डागांची तारखेसह छायाचित्रे जोडावीत.