मुलगी जेवण टाळते, तेव्हा मोबाइलमध्ये काय चालले असते?

मुलगी वाळली की आपल्या घरांत म्हणतात, नजर लागली, नाहीतर अभ्यासाचं टेन्शन आहे. खाण्याचे मानसिक आजार हे मुंबई-पुण्यातल्या श्रीमंतांचे, असा आपला समज. पण गुरुकुंज मोझरीतल्या मुलीच्या हातातला मोबाइल तोच आहे, जो मुंबईतल्या मुलीच्या हातात आहे. म्हणून ही माहिती आम्ही पालकांसाठी एकत्र देत आहोत.

आजार कोणते?

ॲनोरेक्सियात वजन वाढण्याची भीती इतकी बसते की हाडं दिसू लागली तरी मुलीला आपण जाड आहोत असंच वाटतं. बुलिमियात एकदम खूप खाल्लं जातं आणि मग उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे सुरू होतं. बिंज ईटिंगमध्ये खाण्यावरचा ताबा सुटतो, पण उलटी काढली जात नाही. हे नखरे नाहीत, आजार आहेत. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलांनाही हे आजार होतात.

संशोधन काय सांगते?

फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग चांगलं मानत, जसं आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' म्हणतात. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन घटवण्यासाठी उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण 11.3 टक्के झालं.

टीव्ही फक्त दाखवत होता. इंटरनेटवरचे गट शिकवतात, शाबासकीही देतात. काही गट उपाशी राहण्यालाच जीवनशैली म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2006 मध्ये या आजाराच्या किशोरवयीन रुग्णांचा अभ्यास छापला. असे गट पाहणाऱ्यांपैकी 96 टक्के जणांनी तिथून वजन घटवायच्या किंवा उलटी काढायच्या नव्या युक्त्या शिकल्याचं सांगितलं. बरं होण्यासाठी काढलेल्या गटांतूनही जवळपास निम्मे जण तेच शिकले.

कंपन्या बंदी घालतात, पण मुलं शब्दांचं स्पेलिंग बदलून पुन्हा जमतात. शिवाय शोधावंही लागत नाही. 2022 मध्ये एका ब्रिटिश-अमेरिकी संस्थेने 13 वर्षांच्या मुलांच्या नावाने टिकटॉकवर नवी खाती काढली. आठ मिनिटांत या आजाराचे व्हिडिओ समोर आले. टिकटॉक भारतात 2020 पासून बंद आहे, पण छोट्या व्हिडिओंची पद्धत इतर ॲपवर तीच आहे. मार्च 2025 मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यातली 18 वर्षांची मुलगी दगावली. यूट्यूबवर पाहून ती जेवण सोडत गेली होती, असं बातम्यांत आलं.

रोजा की आजार?

आपल्या घरांत हा प्रश्न नाजूक आहे. मुलगी नफिल रोजे वाढवते, तेव्हा अम्मीला आनंदच होतो. पण सेहरी टाळणे, इफ्तारला फक्त पाणी, रोजा नसलेल्या दिवशीही न जेवणे, वारंवार वजन करणे, ही इबादतीची लक्षणं नाहीत. सूरह बकराहमध्ये (आयत 184-185) आजारी माणसाला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे. डॉक्टरांनी मनाई केली, तर ती गोष्ट घेऊन आलिमांना विचारा. मुलीला गुनाहगार वाटू देऊ नका.

पालकांनी काय करावे?

पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, चक्कर, जेवताच बाथरूममध्ये जाणे, बोटांच्या मागच्या बाजूला दातांचे वण, ही लक्षणं दिसली की डॉक्टरांकडे न्या. फार खंगलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्यानेही धोका होतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आहार वाढवा. अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे इर्विनमध्ये दाखवता येईल. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

मोबाइल हिसकावून प्रश्न सुटत नाही. मुली त्या गटांत जातात, कारण घरी बोलायला कोणी नसतं. शादीब्याहात 'कित्ती मोटी झाली गं' म्हणणारी खाला आपल्याच घरातली असते. ते बोलणं आधी बंद करू या. मग दस्तरखानावर तिच्या शेजारी बसू या, ताटाकडे न बघता.