काठावरच्या जमिनी आणि खालचे पाणी

झाडीतल्या पाणथळीलगतची जमीन हिरव्या पट्ट्यातून काढून पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे शेती विभागातून निवासी विभागात टाकायची असा प्रस्ताव निघाला की शेजारचे लोक तीन गोष्टी हमखास बोलतात. विहिरी आटतील, सांडपाणी खाली उतरेल, झाडी जाईल. सुनावणीत या हरकतींवर ‘भावनिक’ असा शिक्का सहज बसतो. वास्तविक त्यातल्या पहिल्या दोन हरकती म्हणजे भूजलाविषयीची तपासता येण्याजोगी विधाने आहेत. बुलढाणा जिल्ह्यात ती तपासायला लोणारइतकी चांगली जागा नाही.

उल्कापाताने बेसाल्टच्या पठारात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि जवळपास दीडशे मीटर खोल आहे. उतारावर जंगल आहे, तळाशी खारट, अल्कधर्मी सरोवर. २००० साली इथे अभयारण्य झाले. २०२० साली सरोवर रामसर यादीत गेले, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातले दुसरे. गाव मात्र काठाला चिकटूनच वाढले आहे. सरोवरातून बाहेर पडणारा ओढा नाही. पाणी येते पावसाचे आणि झऱ्यांचे, जाते ते उन्हाने. त्यामुळे पाण्याबरोबर जे आत उतरते ते बहुतांशी आतच साठते.

काठाजवळच्या धारेवर गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली भाविक आंघोळ करतात. हे पाणी येते कुठून? दख्खनचा बेसाल्ट थरांचा आहे. काही थर घट्ट, काही सच्छिद्र, आणि वर मुरूम. पठारावर पडलेला पाऊस मुरमातून झिरपतो, दोन थरांच्या सांध्यातून आडवा सरकतो आणि विवराच्या उभ्या भिंतीत तो सांधा उघडा पडला असेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. भोवतालच्या विहिरींनाही अशाच थरांतून पाणी लागते. म्हणजे झऱ्याचा उगम गोमुखाशी नसून मागच्या शेतांत आहे.

आता त्याच शेतांत ले-आऊट पडला असे समजा. रस्ते, छपरे, फरशा यांनी जमीन झाकली की मुरणारे पाणी नालीने वाहून जाते. नळाला पाणी अपुरे, म्हणून बोअर. भुयारी गटार नाही, म्हणून शोषखड्डे. वाळूच्या जाड थरातून जाताना सांडपाणी काहीसे गाळले जाते, खडकाच्या भेगांतून जाताना फारसे नाही. नायट्रेट तर कशातच अडकत नाही. खालून उपसा आणि वरून मैला, दोन्ही एकाच थरात. झाडी तुटली तर उतारावरची माती पाण्याबरोबर सुटते, ते निराळेच.

हे सरोवर किती हळवे आहे, ते जून २०२० मध्ये दिसले. पाण्याची पातळी घटून क्षार वाढले, क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितले. क्षारांचे प्रमाण उलट दिशेने ढळले, म्हणजे गोडे सांडपाणी बेसुमार आत आले, तरी इथल्या जीवसृष्टीची घडी मोडेल.

कायदा यातले काय पाहतो? २०१७ च्या पाणथळ नियमांत पक्क्या बांधकामाला बंदी आहे ती सरासरी कमाल पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत. लोणारात ही रेषा विवराच्या आतच राहते. वरच्या पठाराला ती शिवतही नाही. इथल्या संरक्षित मंदिरांभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे, पण ती वास्तूंसाठी. अंतरे पाण्याच्या कडेपासून किंवा दगडी भिंतीपासून मोजली जातात, पाणी जिथे मुरते तिथून मोजायची सोयच नाही. शिवाय पिण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. जिल्ह्यातल्या कितीतरी तलावांना त्यामुळे लोणारएवढेही संरक्षण नाही, हे मला अधिक गंभीर वाटते.

न्यायालयात अशा हरकती टिकत नाहीत असे मात्र नाही. नवी मुंबईत नेरूळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी इमारतींसाठी केलेला भूवापर बदल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण तिथे पाणथळीच्या अंगावरच बांधकाम येणार होते. लोणारसारख्या ठिकाणी धोका दुरून, जमिनीखालून येतो, आणि तो दाखवायला फोटो पुरत नाहीत.

घरे नकोत असे कोणी म्हणू नये. लोणारच्या माणसांनाही मुलाबाळांसाठी जागा लागते. ती झऱ्यांच्या पाणलोटाबाहेर, गटार आधी आणि प्लॉट नंतर या क्रमाने मिळावी. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने झऱ्यांचे पुनर्भरण क्षेत्र नकाशावर आखायला हवे. ते होईपर्यंत काठावरचा एकही सर्वे नंबर पिवळ्या पट्ट्यात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकतींसाठी महिनाभराची मुदत मिळते. हरकतीच्या अर्जात ‘निसर्गाची हानी’ एवढेच लिहून थांबू नका. आपल्या विहिरीची चैत्रातली आणि दिवाळीनंतरची पातळी, शेजारच्या बोअरची खोली, पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि सात-बारा जोडा. पोच घ्यायला विसरू नका.