ईजिप्तच्या वाळवंटातील एकांत

एकांतात जाऊन बसलेल्या माणसाकडे आम्ही गावात राहणारी माणसे थोड्या संशयानेच पाहतो. हा संसाराला भ्याला, की खरोखरच काही मिळवावयास गेला? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा तर ईजिप्तच्या वाळवंटाकडे वळावे लागते. तेथे आम्हांला एक सोडून दोन उत्तरे सापडतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले उत्तर संत अँथनीचे. इ. स. २५१ च्या सुमारास ईजिप्तमधील एका खेड्यात, खाऊनपिऊन सुखी अशा ख्रिस्ती घरात तो जन्मला. विशीच्या आतबाहेर आईबाप गेले. पुढे एके दिवशी, सर्वस्व विकून गोरगरिबांस देण्याविषयी येशूने एका श्रीमंत तरुणास केलेला उपदेश चर्चमध्ये त्याच्या कानी पडला. वडिलार्जित जमीन सुमारे दोनशे एकर होती. ती त्याने गावकऱ्यांस देऊन टाकली आणि धाकट्या बहिणीला धर्मनिष्ठ कुमारिकांच्या स्वाधीन केले. (त्या मुलीला कोणी विचारले होते काय, हे चरित्रकार सांगत नाही.) पस्तिसाव्या वर्षी तो नाईलपलीकडच्या एका ओसाड किल्ल्यात शिरला आणि दार लावून घेतले. वर्षातून दोनदा भाकरी येई. अशी सुमारे वीस वर्षे गेली.

हा एकांत म्हणजे विसावा होता, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. बिशप अथनेशियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात, बाहेर थांबलेल्या लोकांना आतून झटापटीचा आणि ओरडण्याचा आवाज येई, असे वर्णन आहे. चरित्रकाराने ती सैतानाशी झुंज मानली; आजचा वाचक तिला मनाशी चाललेली झुंज म्हणेल. नाव काहीही द्या. बाहेरचा गलबला थांबला म्हणजे आतला सुरू होतो, आणि प्रार्थनेचे खरे काम तेथून पुढे असते. शेवटी लोकांनी दार मोडले तेव्हा बाहेर आला तो ना सुटलेला ना खंगलेला, धडधाकट माणूस. एवढी गर्दी पाहून तो गोंधळला नाही आणि सुखावलाही नाही.

या स्थैर्याची कसोटी ३११ साली लागली. सम्राट मॅक्सिमिनच्या अमदानीत ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. अँथनी वाळवंट सोडून अलेक्झांड्रियात आला. खाणींत आणि तुरुंगांत डांबलेल्यांची त्याने सेवा केली, खटल्याच्या वेळी त्यांना धीर दिला. संन्याशांनी शहरात थांबू नये, असा न्यायाधीशाने हुकूम काढला. बाकीचे लपले. अँथनीने आपले वस्त्र धुतले आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाची स्वारी जावयाच्या वाटेवर, उंच जागी, सर्वांना दिसेल असा तो उभा राहिला. धर्मासाठी मरण यावे अशी त्याची इच्छा होती. पण आपण होऊन स्वतःला पकडून देणे त्याने टाळले. आम्हांला त्या उभे राहण्यापेक्षाही हे आवरून धरणे मोठे वाटते. छळ ओसरल्यावर तो मुकाट्याने परत गेला, आणि पुढे तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरात धान्य पिकवीत, चटया विणीत ३५६ साली वारला.

दुसरे उत्तर सांगताना जीभ अडखळते. ४१५ च्या सुमारास त्याच अलेक्झांड्रियात बिशप सिरिल आणि रोमन सुभेदार ओरेस्टिस यांचे वितुष्ट आले. तेव्हा नायट्रियाच्या वाळवंटातून सुमारे पाचशे संन्यासी सिरिलचा कैवार घेऊन शहरात उतरले. त्यांनीही वाळवंट पाहिले होते, उपवास केले होते, स्तोत्रे म्हटली होती. त्यांनी सुभेदाराचा रथ अडवला. आपण ख्रिस्ती आहोत, आपला बाप्तिस्मा झाला आहे, असे तो ओरडून सांगत होता. कोणी ऐकले नाही. अमोनियस नावाच्या संन्याशाने धोंडा मारून त्याचे डोके फोडले. शिपाई पळाले. सुभेदाराला वाचवले ते शहरातल्या सामान्य लोकांनी.

अमोनियस पकडला गेला आणि सुभेदाराने केलेल्या छळात मेला. सिरिलने त्याला हुतात्म्याचा मान देऊ केला. परंतु समंजस ख्रिस्ती मंडळींनाच ते पटले नाही, आणि हळूहळू सिरिलनेही तो विषय सोडून दिला.