जॅराच्या जंगलाला खत मानवलं नाही

कुंडीतला जास्वंद मलूल दिसला की तुमचा हात आपसूक खताच्या डब्याकडे जातो ना? माझाही जातो. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळ जंगल पुन्हा उभं करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, फक्त हेलिकॉप्टरमधून.

तिथल्या डार्लिंग डोंगररांगेत जॅराचं जंगल आहे. जॅरा म्हणजे निलगिरीच्याच कुळातलं झाड. खाली आपल्या कोकणातल्यासारखा जांभा आणि त्यात बॉक्साइट. १९६३ मध्ये खाणकाम सुरू झालं. खणून झालेल्या जागी आधी पाइन आणि बाहेरच्या निलगिरी लावल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मूळ जॅराकडे वळले. जंगलाची वरची माती लगेच नव्या जागी पसरायची, कारण बी तिच्यातच असतं. इथवर उत्तम! मग त्यावर फॉस्फरसचं खत. त्याच राज्यातला गव्हाचा पट्टा सुपरफॉस्फेटवर पोसलेला, तेव्हा जंगलालाही तेच लागणार, असा हिशोब. रोपं झपाट्याने वाढायची, उघडी जमीन झाकली जायची, सगळे खूश.

पण ही जमीन अतिप्राचीन, कोट्यवधी वर्षांच्या पावसात धुतली गेलेली. तिथल्या वनस्पती उपासाला सरावलेल्या आहेत. बँक्सियाची मुळं बघा: बाटली धुवायच्या ब्रशसारखे दाट झुपके. ते आम्लं सोडून मातीला चिकटलेला फॉस्फरस सोडवून घेतात. यांच्यातल्या काहींना समोर आलेला फॉस्फरस नाकारताच येत नाही. तो पानांत साचतो आणि विषबाधा होते. उलट अकेशिया, म्हणजे आपल्या बाभळीची चुलत भावंडं, नायट्रोजन मुळांच्या गाठींतून मिळवतात. त्यांचं अडत होतं ते फॉस्फरसपायी. तो मिळाला की त्यांचं दाट रान माजतं आणि खालची लहान झुडपं सावलीत गुदमरतात. कमी-जास्त खताचे तुकडे शेजारी ठेवून मोजणी झाली, तेव्हा हेच दिसलं: खत जास्त तिथे जाती कमी.

मला खटकतं ते वेगळंच. ही गोष्ट नवी नव्हती हो! सुपरफॉस्फेटचं पेटंट १८४२ मध्ये घेणारे जॉन लॉज यांनीच गिल्बर्टसोबत १८५६ मध्ये इंग्लंडात रॉथमस्टेडच्या कुरणावर प्रयोग मांडला. तो आजही चालू आहे. बिनखताच्या पट्ट्यांत चाळीसेक जाती. अमोनियाचं भरपूर खत मिळालेल्या काही पट्ट्यांत जेमतेम दोन-तीन. पण ते पडलं गवत, त्यामुळे जंगलवाल्यांनी ते आपलं मानलं नसावं.

आता खत कमी करता येतं, पण पडलेलं परत काढता येत नाही. नायट्रोजन पावसात वाहून जातो, फॉस्फरस मातीला धरून बसतो. म्हणून जुन्या तुकड्यांच्या मातीत दशकांपूर्वी टाकलेला फॉस्फरस अजून सापडतो.