वार्धक्य आणि औषध : महाराष्ट्राच्या संदर्भात औषधप्राप्तीच्या इतिहासाचे एक अवलोकन

प्रस्तावना

आधुनिक भारतातील वैद्यकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने साथीचे रोग, रुग्णालये, वैद्यकीय शिक्षण व वसाहतकालीन आरोग्यधोरण या विषयांभोवती झालेले आहे. प्लेग, पटकी व देवी यांच्याविषयी अभ्यासकांनी विपुल लिहिले. वृद्ध माणसाच्या उशाशी असणारी औषधांची पिशवी हा मात्र इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे सहसा मानले गेले नाही. २००१ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे ७ कोटी ६६ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १० कोटी ३८ लाखांवर गेली. यांपैकी अनेकांच्या जीवनात औषध ही प्रासंगिक बाब राहिलेली नाही. ती धान्य व मीठ यांच्याप्रमाणे दरमहा भरावयाची वस्तू झालेली आहे.

हा बदल कसा घडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी तीन प्रश्न समोर ठेवले आहेत. औषध कोण तयार करतो? त्याची किंमत कोण ठरवतो? आणि ते वृद्धाच्या हातापर्यंत कोण पोहोचवतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे राज्यसंस्थेने वेळोवेळी शोधली. तिसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ कुटुंबावर सोपविला गेला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वैद्य, पुडी आणि बाटली

आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये जराचिकित्सा अथवा रसायनतंत्र या अंगाचा समावेश आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाने होतो. म्हणजे वार्धक्याचा स्वतंत्र विचार भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हता. तथापि ग्रंथातील रसायने सामान्य माणसाला कितपत लाभत असतील, हा प्रश्न वेगळा आहे. गावातील वृद्धाच्या वाट्याला प्रत्यक्षात येई ती सहाणेवर उगाळलेली मात्रा, सुंठ-ओव्याचा काढा किंवा वैद्यबुवांनी कागदात बांधून दिलेली पुडी. औषध तयार करणे, देणे व त्याचे पथ्य सांगणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असत, आणि ते वेळेवर देण्याचे काम घरातील स्त्रीकडे असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रचनेला तडा गेला. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर हळूहळू जिल्ह्याच्या गावी दिसू लागले. दुसरीकडे आयुर्वेदीय औषधेही कारखान्यात तयार होऊ लागली. पनवेल येथील धूतपापेश्वर हा कारखाना १८७२ मधील होय. दवाखान्यात कंपाउंडर काचेच्या बाटलीत मिक्श्चर भरून देई व डोसाच्या खुणा दाखविणारी कागदी पट्टी बाटलीवर चिकटवी. रिकामी बाटली रुग्णाने घरून आणावयाची, हा शिरस्ता अनेक ठिकाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुडी असो वा बाटली, ती तीन-चार दिवसांची असे. ताप उतरला की औषध संपले. हे औषध ‘आजाराचे’ होते, ‘वयाचे’ नव्हते. औषधप्राप्तीची संपूर्ण व्यवस्था, मग ती सरकारी असो वा खाजगी, याच गृहीतकावर उभी होती.

सर्पगंधा : आजाराच्या कालमानातील बदल

हे गृहीतक बदलण्याच्या प्रक्रियेत मुंबईचे एक स्थान आहे. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील उपयोगासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे त्यात होती. या निबंधामुळे भारतीय वैद्यांना पूर्वापार ठाऊक असलेल्या या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यापासून रिसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. पुढे दुष्परिणामांमुळे रिसरपिन मागे पडले व त्याची जागा इतर औषधांनी घेतली. परंतु त्यामागील विचार कायम राहिला. रक्तदाब दुखत नाही, दिसत नाही, आणि तरीही त्यासाठी दररोज गोळी घ्यावी लागते, हा तो विचार होय. १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे सिद्ध झालेल्या इन्शुलिनने मधुमेहाच्या बाबतीत हेच घडविले होते. बरे होण्यासाठी घ्यावयाच्या औषधाच्या जोडीला आता जगत राहण्यासाठी घ्यावयाचे औषध आले.

उत्पादन आणि किंमत : राज्यसंस्थेची उत्तरे

औषधाच्या शुद्धतेचा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील १९३०-३१ च्या औषध चौकशी समितीने भेसळीचे व अनिर्बंध विक्रीचे चित्र पुढे आणले. त्यानंतर १९४० चा औषधे कायदा, १९४५ चे नियम व १९४८ चा फार्मसी कायदा अस्तित्वात आला. त्यामुळे दुकानात नोंदणीकृत औषधविक्रेता असणे व ठरावीक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकणे बंधनकारक झाले. वैद्याच्या एका हातात असलेली कामे आता डॉक्टर, कारखानदार व दुकानदार अशा तिघांमध्ये वाटली गेली. शुद्धतेच्या दृष्टीने हा लाभच होता. परंतु या तिघांमधील अंतर चालून जाण्याचे काम रुग्णाकडे आले.

स्वातंत्र्योत्तर काळात उत्पादनाकडे लक्ष देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी हा त्याचा ठळक आविष्कार होय. १९५९ च्या न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालाच्या पार्श्वभूमीवर १९७० चा पेटंट कायदा संमत झाला व १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या उत्पादनाला नव्हे, तर केवळ प्रक्रियेला पेटंट, या त्यातील तत्त्वामुळे देशी कंपन्यांना परकीय औषधे वेगळ्या प्रक्रियेने तयार करता येऊ लागली. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या आज भारतात तुलनेने स्वस्त मिळतात, त्याचे एक मूळ या कायद्यात आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ मध्ये उत्पादनाचे पेटंट पुन्हा लागू झाले.

किमतींच्या बाबतीत राज्यसंस्थेची भूमिका सतत हेलकावत राहिली. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी औषधे विकण्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुचविली होती. १९७९ च्या आदेशानुसार ३४७ औषधद्रव्ये किंमत नियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये ही संख्या १४२ वर, तर १९९५ मध्ये ७४ वर आली. नव्वदच्या दशकातील ही घट आणि दीर्घकालीन औषधांवर अवलंबून असलेल्या वृद्धांच्या संख्येतील वाढ एकाच वेळी घडत होती, ही बाब इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी हा नियंत्रणाचा पाया ठरला. मात्र कमाल किंमत उत्पादनखर्चावरून न ठरविता बाजारभावाच्या सरासरीवरून ठरविली जाऊ लागली.

एक घरगुती साधन : जमाखर्चाची वही

कायदे व आदेश यांच्या आधारे धोरणाचा इतिहास लिहिता येतो. औषध घेणाऱ्याचा इतिहास लिहिण्यासाठी अन्य साधनांकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखकाचे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या घरात जपून ठेवलेल्या आहेत. नोकरीच्या काळातील वह्यांत ‘औषध’ हा शब्द तुरळक आढळतो, तोही बहुधा पावसाळ्यात व मुलांच्या नावापुढे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी हाच शब्द दरमहा, निवृत्तिवेतन हाती आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो आणि किराणा व दूध यांच्या रांगेत जाऊन बसतो. औषध हे ऋतूचे न राहता महिन्याचे झाले, याचा इतका स्पष्ट पुरावा कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते. आजोबांच्या औषधांपुढे रक्कम आहे. आजीच्या औषधांची नोंद मात्र कित्येक महिने आढळत नाही. आजीलाही रक्तदाब होता. पुढे विचारणा केली असता, ‘त्यांची पाकिटं आधी आणायची, उरलं तर माझं बघायचं,’ असे तिने सहज सांगितले. एक दिवसाआड गोळी घेणे, अर्धी गोळी मोडून घेणे, चक्कर आली तरच घेणे, हे तिचे स्वतःचे वेळापत्रक होते. तिने तक्रार कधी केली नाही, आणि घरातील कोणी चौकशीही केली नाही. एका घरावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु कागदोपत्री न उमटलेली स्त्रीची अनुपस्थिती हेसुद्धा इतिहासाचे साधन असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. निवृत्तिवेतन ज्याच्या नावे, औषध प्रथम त्याच्या नावे, असा हा अलिखित नियम होता.

ज्येष्ठांसाठीची धोरणे आणि त्यांतील उणीव

वार्धक्य हा स्वतंत्र धोरणाचा विषय म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय वृद्धजन धोरणाने पुढे आला. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात वैद्यकीय साहाय्याची तरतूद करण्यात आली. २००८ मध्ये अमृतसर येथून जनऔषधी दुकानांना प्रारंभ झाला; २०२५ च्या आरंभी देशातील अशा केंद्रांची संख्या १५ हजारांवर पोहोचली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेने काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांना औषधाच्या बरोबरीने महत्त्व दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर व त्यापुढील वयाच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले.

ही वाटचाल निश्चितच मोलाची आहे. तथापि विमा योजनांची रचना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. दररोजची गोळी, साखर तपासण्याची पट्टी, इन्शुलिनची सुई यांचा खर्च बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणजे पक्षाघात झाल्यावर योजना उपलब्ध आहे. पक्षाघात टाळणाऱ्या गोळीसाठी मात्र माणसाला स्वतःचा खिसा चाचपावा लागतो. शिवाय स्वस्त दुकान तालुक्याच्या गावी असेल तर एस.टी.चे भाडे व सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी हीदेखील औषधाची किंमतच होय. इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. शीतकपाट नसलेल्या घरात ते गार पाण्याच्या माठाच्या आधाराने जपले जाते, आणि हे कौशल्य कोणत्याही नियमावलीने नव्हे, तर गरजेने शिकविलेले असते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने ही उणीव उघडी पाडली. शहरात वा परगावी असलेली मुले गावी येऊ शकत नव्हती आणि वृद्धांनी घराबाहेर पडू नये असा सल्ला होता. २६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून औषधविक्रेत्यांना घरपोच औषधे देण्याची मुभा दिली. औषध दुकानापासून उशापर्यंत कसे जाते, हा प्रश्न शासनाच्या कागदावर ठळकपणे उमटला, तो असा संकटकाळी. पुढील वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तमिळनाडू शासनाने रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना दरमहा घरी औषधे पोहोचविणारी योजना सुरू केली. तिच्या यशापयशाची चर्चा होऊ शकेल. परंतु शेवटचे अंतर चालून जाणे ही केवळ रुग्णाची जबाबदारी नाही, ही भूमिका तीत स्पष्ट आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, गेल्या सुमारे दीडशे वर्षांत औषधाची शुद्धता, उपलब्धता व किंमत यांबाबत भारतीय समाजाने मोठा पल्ला गाठला. परंतु तीन दिवसांच्या बाटलीसाठी घडलेली व्यवस्था आयुष्यभराच्या गोळीसाठी पुरेशी बदलली नाही. त्यामुळे मधले अंतर कुटुंबाने भरून काढले. आणि ज्या घरात माणसे पांगली वा पैसा अपुरा पडला, तेथे ते अंतर वृद्धाने, विशेषतः वृद्ध स्त्रीने, गोळी मोडून भरून काढले. या अर्ध्या गोळीचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. जमाखर्चाच्या वह्या, जुन्या चिठ्ठ्या व वृद्धांच्या मुलाखती ही त्याची साधने होत, आणि ती जपणारी पिढी हळूहळू आपल्यातून जात आहे. महाविद्यालयीन स्तरावर इतिहास विभागांनी आपापल्या परिसरात ती गोळा करण्याचे काम हाती घेतल्यास, भावी धोरणालाही त्याचा उपयोग होईल, असे वाटते.